सासऱ्यांची खर्जनिद्रा

त्या घरात सकाळचा पहिला आवाज सासूबाईंच्या सपातांचा असे. त्या स्वयंपाकघरात जाऊन दिवा लावत, चहाचे आधण ठेवत, आणि मग एकेक माणूस उठू लागला की त्याच्या मागे लागत. सासरे दाढीला बसले की टॉवेल त्यांच्या खांद्यावर जाऊन पडे. त्यांनी वर्तमानपत्र उघडले की चष्मा समोर येई. त्यांनी काही कारण नसताना इकडेतिकडे पाहिले, तरी दारातून प्रश्न येई, "काय हवंय?" लेक शाळेत गणित शिकवायची, तिची डब्याची पिशवी तिच्याआधी दाराशी जाऊन उभी राही.

सासूबाईंच्या हृदयाची झडप बदलून फार काळ झाला नव्हता. त्यासाठीच दोघे लेकीकडे राहायला आले होते. निघताना डॉक्टरांनी बजावले होते की दुपारी आडवे व्हायचे म्हणजे व्हायचेच. ते औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. सासूबाईंनी मान डोलावली होती. मान डोलावण्याच्या कामात त्यांनी आजवर कुणालाच नाराज केले नव्हते.

या सगळ्या लगबगीत जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात जावई बसलेला असे आणि कापसाच्या बोळ्याने एक पट्टी पुसत असे. पट्टी म्हणजे डोक्याभोवती बांधायचा कापडी पट्टा. त्याच्या आतल्या बाजूला मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या चपट्या बटणांची रांग होती. जावई एका मोठ्या रुग्णालयाच्या निद्रा विभागात काम करी. तिथे झोपेची तक्रार असलेली माणसे रात्री डोक्याला तारा लावून झोपत, आणि सकाळी त्यांची झोप कागदासारखी पानापानांत कापून एक ताई वाचायला बसत. हे पान जागेचे, हे हलक्या झोपेचे, हे गाढ झोपेचे, हे स्वप्नांचे, असे एकेक पान वाचून त्या खाली शेरा मारत. एका माणसाची एक रात्र वाचायला ताईंची अर्धी सकाळ जाई. जावयाने असा प्रोग्रॅम लिहिला होता की जो ही सगळी पाने आपणहून वाचेल, आणि तेही माणूस झोपलेला असतानाच.

विभागाच्या समितीपुढे लवकरच त्याची चाचणी व्हायची होती. प्रोग्रॅम मंजूर झाला तर जावयाची हंगामी नोकरी कायम होणार होती. नाही झाला, तर ज्या कामापासून त्याने सुरुवात केली होती तिथेच परत जायचे: रोज संध्याकाळी लोकांच्या केसांत चिकट मलम लावून तारा चिकटवणे.

"माणूस थकतो, माणसाचं लक्ष उडतं, माणूस फसतो," तो पट्टी उजेडाकडे धरून म्हणाला. "यंत्र फसत नाही. झोप म्हणजे झोप, जाग म्हणजे जाग."

"आमच्या बँडमास्तरला लावायला हवी होती ही," सासरे चहाचा घोट घेत म्हणाले. त्यांनी सारी नोकरी पोलीस बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवण्यात काढली होती. "तो उभ्याउभ्या झोपायचा. काठी मात्र फिरत राहायची."

"फक्त एक अडलंय," जावई म्हणाला. "समितीला वयस्कर माणसाच्या दुपारच्या झोपेचे नमुने हवेत. विभागात दुपारी झोपायला कोण येणार?"

"अहो, मग यांनाच बांधा की," सासूबाई आतून म्हणाल्या. "दुपारी यांच्या घोरण्यानं पंखा आपोआप फिरतो."

सासऱ्यांचा कप ओठांपर्यंत येता येता थांबला. "मला कशाला? मी आपला साधा झोपणारा माणूस."

"बाबा, घाबरता काय?" लेक हसली. "डोकं उघडून थोडंच बघणार आहे तो?"

"उघडून बघितलं असतं तर काही भीती नव्हती, आत काही सापडलं नसतं," सासरे म्हणाले. "हे बाहेरून बघतात, त्याचंच जरा वाटतं."

पण जावयाच्या डोळ्यांतली आशा पाहून त्यांना नाही म्हणवेना. लेकीच्या घरी राहायचे, जावयाच्या खुर्चीत बसायचे, आणि डोके मागितले तर द्यायचे नाही, हे त्यांच्या स्वभावात बसत नव्हते.

दुपारी जेवणे झाल्यावर सासरे खिडकीजवळच्या आरामखुर्चीत रेलले. जावयाने पट्टी बांधली, बटणे दाबून बसवली आणि लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक आडवी पट्टी सरकू लागली. माणूस जागा असेल तर ती पिवळी, झोप लागेल तशी हिरवी, आणि गाढ झोपेत निळी होणार होती. सासूबाई हातात फडके घेऊन पुस्तकांच्या कपाटाजवळ उभ्या होत्या आणि ज्या कपाटावर धूळ नव्हती ते पुसत होत्या.

थोड्याच वेळात घोरणे सुरू झाले. आता, घोरणे पुष्कळांचे असते; पण सासऱ्यांच्या घोरण्याला घराणे होते. सुरुवात खर्जात होई. मग एक लांब, भरदार आलाप. मग टोकाला बारीक शिट्टी. त्यानंतर असा विराम येई की ऐकणाऱ्याला वाटावे, संपले. आणि नेमके तेव्हा समेवर यावे तसा स्वर पुन्हा खर्जात उतरे. सासूबाईंनी दोन आवर्तने ऐकली, फडके खाली ठेवले आणि आतल्या खोलीत जाऊन आडव्या झाल्या.

जावयाने पडद्याकडे पाहिले. पट्टी पिवळी होती. लख्ख, पिकल्या आंब्यासारखी पिवळी.

प्रथम त्याने बटणे तपासली. मग तार बदलली. मग लॅपटॉप बंद करून चालू केला. सासरे घोरतच होते आणि पट्टी पिवळीच होती. दुसऱ्या दिवशी विभागातून त्याने डोक्याची नवी पट्टी आणली, तरी पडद्यावर पिवळेच. त्याने ती स्वतःच्या डोक्याला बांधली; पडद्यावर पिवळे, म्हणजे बरोबर. रविवारी बायकोला दुपारी डुलकी लागलेली पाहून त्याने हलकेच तिच्या डोक्याला बांधली. पडद्यावरची पट्टी हिरवी होत होत सुरेख निळी झाली.

"काय करतोयस?" तिने डोळे न उघडता विचारले, आणि पट्टी पिवळी झाली.

"काही नाही. तू बरोबर आहेस."

"बारा वर्षांत पहिल्यांदा म्हणालास," ती म्हणाली आणि पुन्हा निळी झाली.

याचा अर्थ यंत्र ठीक होते. मग चूक कुठे होती? जावयाने सासऱ्यांच्या लहरी मोठ्या करून पाहिल्या. डोळे मिटून शांत पडलेल्या, पण जाग्या माणसाच्या डोक्यात कंगव्याच्या दातांसारखी एक सुबक, एकसारखी लहर उठते. झोप लागली की ती विरून जाते. या विषयाच्या बाराखडीतले हे पहिले अक्षर. सासऱ्यांच्या पानापानांवर कंगवेच कंगवे होते. नुकताच शिकायला आलेला विद्यार्थीही म्हणाला असता की हा माणूस जागा आहे. पण विद्यार्थ्याच्या कानावर ते घोरणे पडलेले नसते.

"बाबा जागेच नसतील ना?" बायकोने विचारले. ती वह्या तपासत होती.

"जागा माणूस असा घोरेल? ऐकलंयस ना तू?"

"ऐकलंय. पण तूच म्हणतोस ना, विज्ञानात शंका घ्यावी."

"विज्ञानात घ्यावी," जावई म्हणाला. "सासऱ्यांवर कशी घेणार?"

हुशार माणूस एकदा चुकीच्या गल्लीत शिरला की तो साध्या माणसासारखा परत फिरत नाही. गल्लीच्या टोकाला असलेली भिंत हेच आपले ठिकाण होते, असे सिद्ध करू लागतो. विचार करकरून जावई अशा निष्कर्षाला आला की त्याच्या हाती एक नवीच झोप लागली आहे. हिच्यात देह गाढ झोपतो आणि मेंदू जाग्यासारखा चालत राहतो. आजवर कुणाच्या नजरेला ती पडली नाही, कारण आजवर कुणी आपल्या सासऱ्यांना पट्टी बांधली नव्हती. त्याने तिला नावही दिले: खर्जनिद्रा.

रात्री जेवताना त्याने ते जाहीर केले. "बाबा, तुमची झोप अद्वितीय आहे. मी अशी झोप कुठे वाचली नाही."

सासऱ्यांनी घास सावकाश गिळला. मनातून त्यांनी पकडले जाण्याची तयारी केली होती, सत्काराची नव्हे. "असेल," ते जपून म्हणाले. "घराण्यातच आहे आमच्या."

"बघा, मी म्हणत नव्हते?" सासूबाईंचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी त्यांनी ही बातमी जिन्यात भेटलेल्या खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला सांगितली. शेजारणीने आपल्या नवऱ्याला सांगितली, आणि तो दुपारी मुद्दाम वर येऊन आरामखुर्चीसमोर हाताची घडी घालून उभा राहिला. एखादे स्मारक पाहावे तसे त्याने सासऱ्यांना पाहिले आणि कुजबुजला, "चेहऱ्यावर किती शांती आहे." त्या दिवशी सासरे पूर्वी कधी घोरले नव्हते इतके घोरले. श्रोता समोर असला की कलावंताला राहवत नाही.

यानंतर जावयाने ती गोष्ट केली जी झोपेचा अभ्यास करणारा आणि सासुरवाडीचा मान राखणारा माणूसच करू जाणे. त्याने सासऱ्यांच्या सगळ्या नमुन्यांवर 'गाढ झोप' असा शेरा मारला, आणि ते नमुने प्रोग्रॅमला धडा म्हणून दिले. यंत्र बिचारे आज्ञाधारक. मास्तरांनी शिकवले की हा कंगवा म्हणजे गाढ झोप, की ते म्हणणार, गाढ झोप. नियमाप्रमाणे हे नमुने आधी ताईंनी वाचायला हवे होते. पण ताईंच्या टेबलावर रात्रीच्या झोपांचा ढीग होता, चाचणी जवळ आली होती, आणि खरे सांगायचे तर असा शोध समितीसमोरच उघड करावा, असा मोह त्याला झाला होता.

चाचणीच्या दिवशी विभागाच्या बैठकीच्या खोलीत एक आरामखुर्ची आणून ठेवली होती. समोर भिंतीवर मोठा पडदा. विभागप्रमुख मॅडम, ताई, इतर डॉक्टर आणि मधोमध रुग्णालयाचे अधीक्षक. अधीक्षकांची एक सवय सर्वांना ठाऊक होती. बैठक लांबली की ते डोळे मिटून बसत. तो विषय काढायची कुणाची छाती नव्हती, कारण ते स्वतःच वरचेवर सांगत की डोळे मिटले की आपले विचार जास्त चांगले चालतात.

"नमुन्याला माणूस कोण?" मॅडमनी विचारले.

"मी बसतो," अधीक्षक उठत म्हणाले. "निर्णय मला घ्यायचाय, तर डोकंही माझंच वापरा."

जावयाने पट्टी बांधली. पडद्यावर पिवळी पट्टी सरकू लागली. अधीक्षक सगळ्यांकडे पाहून हसले. पट्टी पिवळीच राहिली. लोकांनी माना डोलावल्या.

"आता डोळे मिटा, सर," जावई म्हणाला.

अधीक्षकांनी डोळे मिटले. पट्टी हिरव्यावर थांबलीसुद्धा नाही. एकदम गडद निळी झाली. पडद्यावर मोठी अक्षरे उमटली: गाढ झोप.

खोलीत कुणीतरी खोकले.

"काय दिसतंय?" अधीक्षकांनी डोळे मिटूनच विचारले.

जावई लॅपटॉपची तार चाचपू लागला.

"सांगा की. काय दिसतंय?"

"गाढ झोप, सर."

"कोणाला?"

"आपल्याला, सर."

"मी जागा आहे."

पट्टी निळीच होती. यंत्राचा स्वतःवर विश्वास होता. तो त्याने जावयाकडूनच घेतला होता. मागच्या रांगेतला एक डॉक्टर शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, "काही लोक झोपेत बोलतात." खोली लहान होती, आणि ते सर्वांना ऐकू गेले.

अधीक्षकांनी डोळे उघडले, आणि पट्टी पिवळी झाली. हे तर आणखी वाईट झाले. अधीक्षक आत्ताच जागे झाले, असे पडदा सगळ्या खोलीला सांगत होता.

"मी विचार करत होतो," अधीक्षक म्हणाले.

इथे जावयाने थांबायला हवे होते. पण ज्याने महिनोन्‌महिने यंत्र घडवले, तो यंत्राची बाजू घेणार नाही तर कोणाची? "सर, आपल्याला तसं वाटत असेल," तो अत्यंत आदराने म्हणाला. "पण ही एक नवीन प्रकारची झोप आहे. हिच्यात झोपलेल्याला आपण जागे आहोत असंच वाटतं."

त्यानंतर खोलीत जी शांतता पसरली, तिची नोंद घेईल अशी पट्टी अजून निघालेली नाही. अधीक्षकांनी स्वतःच्या हाताने पट्टा सोडला, तो नीट घडी करून खुर्चीच्या हातावर ठेवला आणि मॅडमना म्हणाले, "याचं स्पष्टीकरण मला हवं." मग ते बाहेर गेले.

मॅडम कडक होत्या, पण दुष्ट नव्हत्या. त्यांनी जावयाला आपल्या खोलीत बसवले, त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि नमुने उघडायला सांगितले. सासऱ्यांचे पहिले पान पाहताच त्या म्हणाल्या, "हा माणूस जागा आहे."

"पण मॅडम, तो घोरतो."

त्यांनी आणखी काही पाने उलटली. "मग जागा राहून घोरतो. कोण आहे हा?"

"सासरे."

मॅडमनी चष्मा काढला. आपले हसू आवरायला त्यांना खिडकीबाहेर पाहावे लागले. "तुमचा मूळ प्रोग्रॅम पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होता. सगळं घर फसलं, तुम्ही फसलात, तो फसला नाही. मग तुम्ही त्याला बसवून चुकीचं शिकवलंत. कळतंय का, किती मोठी गोष्ट आहे ही?"

जावयाला कळत होते. 'यंत्र फसत नाही' हे त्याचे वाक्य शब्दशः खरे ठरले होते. फक्त ते खोटे पाडायला त्याने स्वतःच अपार कष्ट घेतले होते.

"पुढच्या सभेत हे मांडा," मॅडम म्हणाल्या. "सासऱ्यांना घेऊन या, त्यांना सगळ्यांसमोर घोरू द्या. आणि सासूबाईंना आणाच. त्या घोरण्याला त्यांच्याइतकं कोण ओळखतं? त्यांनीच 'मीसुद्धा ही झोपच समजत होते' असं सांगितलं, की तुम्हाला कुणी दोष देणार नाही. अधीक्षकही हसतील. जुना प्रोग्रॅम त्याच दिवशी मंजूर करून घेते मी."

जावई भर दुपारी घरी निघाला तो संतापाने. रस्ताभर त्याने वाक्ये तयार केली. मोठ्या माणसाशी बोलायची वाक्ये असल्यामुळे प्रत्येकात 'बाबा' आणि 'तुम्ही' होते, पण त्यांची धार कमी नव्हती. त्याने किल्लीने दार उघडले. घर शांत होते, म्हणजे खर्जाने भरलेले होते. सासूबाईंच्या खोलीचे दार अर्धवट लोटलेले होते. आरामखुर्चीत सासरे पोटावर हात ठेवून घोरत होते.

जावई त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "बाबा."

सासऱ्यांनी एक डोळा उघडला. घोरणे चालूच राहिले. दुसरा डोळा मिटलेलाच ठेवून त्यांनी बोटाने आतल्या दाराकडे खूण केली, आणि आलाप संपवून शिट्टीनंतरच्या विरामात कुजबुजले, "आत्ताच पडलीय. थांबा जरा." मग पुन्हा खर्ज.

जावई पायाशी असलेल्या स्टुलावर बसला. घोरण्याची दोन-तीन आवर्तने झाली. आतून एकसारख्या, हलक्या श्वासाचा आवाज येऊ लागला, तसा सासऱ्यांनी स्वर हळूहळू उतरवला आणि अलगद बंद केला. इतका अलगद, की शांतता कुठून सुरू झाली ते कळले नाही.

"लागली," ते म्हणाले. "बोला आता. पण हळू."

"तुम्ही रोज..."

"रोज."

"पण का, बाबा?"

सासऱ्यांनी आतल्या दाराकडे पाहिले. "आमचं लग्न झाल्यापासून मी जागा असताना ती कधी आडवी झाली नाही. यांना पाणी लागेल, यांना चष्मा लागेल. मी नको म्हटलं तरी कान इकडेच. डॉक्टर म्हणाले, झोपा. ती हो म्हणाली आणि कपाटं पुसत बसली. मी नुसते डोळे मिटून पाहिलं. तर येऊन कपाळाला हात लावते, बरं नाही का म्हणून. घोरलो की मात्र निश्चिंत. मी घोरतोय म्हणजे आता मला काही नको, हे तिला पटलंय. तेवढ्यापुरती तिला सुट्टी मिळते."

"म्हणजे तुम्हाला दुपारी झोप येतच नाही?"

"जन्मात आली नाही. आणि रात्री झोपतो तेव्हा मी घोरत नाही. हे तुमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही."

जावयाने मान खाली घातली. निद्रा विभागात इतकी वर्षे काढून हे त्याच्या लक्षात आले नव्हते, हे खरेच होते.

"पहिल्या दिवशी वाटलं, आता पकडलो गेलो," सासरे पुढे म्हणाले. "तुमचं यंत्र हुशार, ते बोलणार. मग तुम्ही जेवताना म्हणालात, अद्वितीय झोप. म्हटलं, जावई मोठ्या मनाचा आहे, सांभाळून घेतोय. तुम्हाला खरंच वाटलं?"

"हो."

"अरेरे," सासरे मनापासून म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "एक सांगू का? पूर्वी ती झोपली की मी शब्दकोडं सोडवायचो. तुमची पट्टी आल्यापासून डोळे मिटून पडावं लागतं. कोडी साचलीत."

रस्ताभर घासून ठेवलेली वाक्ये जावयाच्या तोंडात तशीच राहिली. त्याने मॅडमचे म्हणणे सांगितले: सभा, समिती, आणि सासूबाईंना आणायची अट. सासऱ्यांनी ते नीट ऐकून घेतले. त्यांचा हात नकळत खुर्चीच्या कडेवरून फिरत होता.

"तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे," ते शेवटी म्हणाले. "मी येईन. तिलाही सांगू. काय व्हायचं ते होईल. दुसरं काहीतरी शोधून काढेन मी."

"काय शोधाल?"

सासरे खुर्चीत जरा पुढे वाकले. एवढ्यात आतून पलंग करकरला. क्षणाचाही विलंब न लावता त्यांचे डोळे मिटले, हात पोटावर गेले आणि खर्ज सुरू झाला. त्या दोन आवर्तनांत जावयाने लोटलेल्या दाराकडे पाहिले, मग घोरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या गळ्याच्या ताणलेल्या शिरांकडे पाहिले. पलंग पुन्हा शांत झाला.

जावई उठला, टेबलाशी जाऊन बसला आणि त्याने स्पष्टीकरण लिहिले. ते फार लांब नव्हते. 'दुपारच्या नमुन्यांवरील शेरे मी लहरी वाचून मारले नाहीत. कानाने ऐकून मारले. ताईंकडून तपासून घेतले नाहीत. चूक सर्वस्वी माझी आहे. नमुने बाद करावेत.' नमुना कोणाचा, तो जागा होता की झोपलेला, आणि कशासाठी, याविषयी त्यात अक्षर नव्हते. मग त्याने सासऱ्यांचे सगळे नमुने काढून टाकले आणि प्रोग्रॅमला जुन्या, खऱ्या धड्यांवर परत आणले.

"सासूबाईंना विचारलंत?" दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारले.

"त्यांना विश्रांती सांगितलीय, मॅडम."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिले आणि त्याचे स्पष्टीकरण फायलीत लावले. समितीने चाचणी पुढच्या वर्षावर ढकलली. अधीक्षकांनी कागदावर सही करताना एवढेच म्हटले, की पुढच्या वेळी शेरे मारणारा माणूस स्वतः जागा आहे ना, तेवढे आधी पाहावे. जावई संध्याकाळी पुन्हा लोकांच्या केसांत मलम लावू लागला.

घरी त्याने पट्टी पेटीत ठेवून दिली. "झालं का मोजून?" सासूबाईंनी विचारले. "कशी आहे हो यांची झोप?"

"उत्तम, आई," तो म्हणाला. "अशी झोप कुणाचीच नाही." यात खोटे काही नव्हते.

"मग सगळ्यांना सांगितलंत का तिकडे?"

"नाही. त्यांना दुसरंच काहीतरी हवं होतं."

बायकोने त्याच्याकडे रोखून पाहिले. गणिताच्या बाईंना गाळलेली पायरी लगेच दिसते. पण तिने वही पुढे ओढली.

असे काही दिवस गेले आणि सासऱ्यांचा घसा बसला. थंडी बाधली असेल, किंवा शेजाऱ्यांसाठी केलेले जास्तीचे घोरणे बाधले असेल. आवाज म्हणून फुटेना. दुपारी ते खुर्चीत रेलले, डोळे मिटले, तोंड उघडले, आणि फाटक्या भात्यासारखी नुसती हवा बाहेर आली. सासूबाई हातात फडके घेऊन कपाटाजवळ उभ्याच राहिल्या. मग त्या खुर्चीपाशी आल्या, त्यांनी कपाळाला हात लावून पाहिला आणि विचारले, "काढा करून देऊ का?" सासऱ्यांनी मानेने नको म्हटले. त्या परत कपाटाकडे गेल्या. त्यांचा चेहरा ओढलेला दिसत होता.

जावई समोरच्या दिवाणावर ताईंचा एक लेख वाचत होता. त्याने लेख मिटून बाजूला ठेवला. चष्मा काढला. आडवा झाला, पोटावर हात ठेवले आणि घोरू लागला.

पहिला प्रयत्न खोकल्यासारखा निघाला. दुसरा जरा बरा होता. सासूबाई कान देऊन उभ्या राहिल्या. "दमलाय बिचारा," त्या स्वतःशी म्हणाल्या. त्यांनी खिडकीचा पडदा ओढला, एक पातळ चादर आणून त्याच्या पायांवर घातली, खुर्चीत निपचित पडलेल्या नवऱ्याकडे एकदा पाहिले आणि आता आपल्याला कुणी हाक मारणार नाही अशी खात्री करून घेऊन त्या आत गेल्या. पलंग करकरला.

सासऱ्यांनी एक डोळा उघडला. "श्वास पोटातून," ते घोगऱ्या आवाजात कुजबुजले. "आणि शिट्टीची घाई नको."

जावयाने श्वास पोटातून घेतला. खर्ज लागला. आलाप बऱ्यापैकी झाला, शिट्टी जरा कमी पडली. सासरे बोटाने खुर्चीच्या हातावर ठेका देत राहिले. पुष्कळ दिवसांनी त्यांनी कोड्याचा कागद मांडीवर घेतला. तीन-चार आवर्तनांनंतर त्यांचे बोट थांबले. त्यांनी पेन्सिल खाली ठेवून कान दिला, आणि मान हलवली. जावयाला खरोखर झोप लागली होती. हे कळायला त्यांना पट्टी लागली नाही: घोरणे साफ बेसूर झाले होते.